बहात्तर वर्षांच्या वडिलांना घेऊन डिसेंबरात ग्वाल्हेरच्या तानसेन समारोहाला जाणं जमेल का?

जमेल. पण संपूर्ण समारोह ऐकायचा हट्ट धरलात तर नाही जमणार.

तुम्ही लिहिलंय की वडिलांचे गुडघे कुरकुरतात, कानाला यंत्र आहे, जन्मभर शास्त्रीय संगीत रेडिओवर ऐकलंय आणि आता एकदा तानसेनच्या समाधीपाशी बसून ऐकायची त्यांची इच्छा आहे. घरच्यांना वाटतं, एवढ्या थंडीत उघड्यावर रात्र रात्र बसवणं म्हणजे आजारपण ओढवून घेणं. भाऊ म्हणतो, थेट प्रक्षेपण होतं, मोबाइल टीव्हीला जोडा आणि घरीच ऐका. घरच्यांचं अर्धं खरं आहे. रात्र रात्र बसवू नकाच. सकाळच्या सभांना न्या आणि सगळा बेत त्याभोवती बांधा.

मी आमच्या अप्पांना मिरजेहून घेऊन गेले होते. त्यांचंही ऐकणं आकाशवाणीवरचं. शनिवारी रात्रीचा संगीताचा अखिल भारतीय कार्यक्रम लागला की घरात कुणी भांडं आपटायचं नाही, असा आमच्याकडे दंडक. या पिढीचं ऐकणं बरंचसं रात्रीचंच झालेलं असतं. यमन, पूरिया, दरबारी, मालकंस तोंडपाठ. आपल्याकडच्या मैफलीही संध्याकाळीच होतात, त्यामुळे तोडी, ललत, जौनपुरी, सारंग हे समोर बसून ऐकायचा योग फारसा येत नाही. दिवाळी पहाट म्हणाल, तर तिथं हल्ली भावगीतंच जास्त. तानसेन समारोहात सकाळची सभा दहाच्या सुमारास सुरू होते, पार दुपारपर्यंत चालते आणि प्रत्येक सभेची सुरुवात संगीत महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यांच्या ध्रुपदानं, म्हणजे ख्यालाच्याही आधीच्या जुन्या, धीरगंभीर गायकीनं होते. ऊन वर येत असतं आणि म्हाताऱ्या माणसाची झोप झालेली असते. आपले वडील सकाळी जेवढे ताजेतवाने असतात, तेवढे रात्री नऊला नसतात, हे तुम्हालाही ठाऊक असेलच.

आम्ही गेलो त्या सकाळी एका तरुण गायकानं मियाँ की तोडी लावली. तानसेनच्या नावावर सांगितला जाणारा राग, आणि समाधी तिथून चार पावलांवर. अप्पांनी डोळे मिटले नाहीत की मान डोलावली नाही. उजव्या हाताची बोटं मांडीवर ठेवून मात्रा मोजत बसले. समेच्या, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेच्या, आधी दोन मात्रा अंगठा वर यायचा आणि सम आली की हळूच खाली. अर्धा-पाऊण तास हेच. मध्यंतरात मी चहाचं विचारलं तर म्हणाले, "थांब, अजून पंचम मनात आहे." (तोडीत पंचम, म्हणजे प, जपून लावतात, त्यावर परतीच्या रिक्षात मला व्याख्यान झालं, ते वेगळं.)

पहिल्या दिवसाची सकाळ मात्र काही झालं तरी चुकवू नका. समारोहाचं औपचारिक उद्घाटन संध्याकाळी होतं, भाषणं आणि सन्मान होतात. ते सोडलं तरी चालेल. खरी सुरुवात सकाळी, समाधीपाशी. आधी शहनाई, मग ढोलीबुवा महाराजांची हरिकथा, मग मिलाद (पैगंबरांच्या स्तुतीचं पठण) आणि समाधीवर चादर. कीर्तन ऐकत वाढलेल्या आपल्या माणसाला ही हरिकथा हिंदीत असूनही परकी वाटत नाही. जागा मूळची सूफी संत मोहम्मद घौस यांच्या दर्ग्याची. मोठा मकबरा त्यांचा, दगडी जाळ्यांनी भरलेला, आणि त्याच आवारात तानसेनची छोटीशी साधी समाधी. पहिल्यांदा बघणाऱ्याला ती इतकी लहान असेल असं वाटत नाही. अप्पा म्हणाले, "मिरजेला खाँसाहेबांचंही असंच आहे की." किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँ आमच्या मिरजेच्या दर्ग्यातच आहेत, त्यामुळे त्यांना हे सगळं ओळखीचं वाटलं.

समाधीजवळ चिंचेचं झाड आहे. त्याचा पाला चावला की आवाज सुधारतो अशी समजूत, म्हणून गाणारे येऊन दोन पानं तोंडात टाकतात. अप्पांनीही टाकली. आवाजाचं माहीत नाही, तोंड वाकडं झालं एवढं खरं.

समारोहाला तिकीट नाही, प्रवेश मोफत असतो. म्हणजे जागा राखीव नाही, लवकर जावं लागतं. मांडव मोठा असतो, पुढे गाद्या, मागे खुर्च्या. गाद्यांचा मोह वडिलांना होणारच, पण गुडघे दुखणाऱ्या माणसाला खाली बसणं जमलं तरी उठणं जमत नाही. खुर्च्यांमध्ये कडेची जागा धरा आणि ती ध्वनिक्षेपकाच्या खांबापासून लांब असू द्या. याचं कारण कानाचं यंत्र. ही यंत्रं बोलणं ऐकू यावं म्हणून बनवलेली असतात. मोठा आवाज ती दाबतात, बारीक आवाज वर ओढतात, आणि त्यात तानपुऱ्याचा नाद फाटल्यासारखा येतो. निघण्याआधी श्रवणतज्ज्ञाकडे जाऊन संगीतासाठी वेगळी सेटिंग करून मागा, बऱ्याच डिजिटल यंत्रांत ती करता येते. अप्पांनी तर पहिल्या सभेतच यंत्र काढून खिशात टाकलं. मांडवातला आवाज मुळात इतका मोठा होता की त्यांना यंत्राविना जास्त चांगलं ऐकू येत होतं. मग माझ्याशी बोलायची वेळ आली की ते लावायचे. एरवी नाहीच.

थंडीचं सांगते. डिसेंबरच्या मध्याला ग्वाल्हेरला रात्री पारा सात-आठ अंशांपर्यंत सहज उतरतो, कधी त्याच्याही खाली. मांडव बाजूंनी उघडा, खाली जमीन गार. आपल्या लोकांचा स्वेटर तिथं पुरत नाही, विशेषतः पाय गारठतात. दोन जोड मोजे, आतून गरम कपडे, कानटोपी, मांडीवर घ्यायला शाल आणि पायाखाली घालायला एखादी सतरंजी किंवा जाड वर्तमानपत्रं. वर्तमानपत्राला हसू नका, फार उपयोगी पडतं. संध्याकाळच्या सभेला जायचंच असेल तर यादी बघून वडिलांना हवा तो एकच कलाकार ठरवा, तेवढा ऐका आणि उठा. मधून उठणं हा कलाकाराचा अपमान वाटत असेल तर दोन गाण्यांच्या मध्ये उठा. समाधी आहे त्या हजिऱ्याच्या भागातून रात्री उशिरा रिक्षा मिळायला वेळ लागतो, म्हणून येतानाचाच रिक्षावाला परतीला ठरवून ठेवलेला बरा.

लघवीचा प्रश्न आपल्याकडे कुणी लिहीत नाही, पण वडील मंडळींचं निम्मं टेन्शन तेच असतं. थंडीत तो वाढतो. मांडवाबाहेर फिरती शौचालयं असतात, आत गेल्या गेल्या ती कुठं आहेत ते बघून ठेवा आणि त्यांना दाखवा. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर ती कधी घ्यायची हे डॉक्टरांना आधी विचारा. परस्पर बंद करू देऊ नका. अप्पा असं करायच्या बेतात होते, शेजारी बसलेल्या एका आजोबांनी त्यांना दटावलं. मी सांगितलं असतं तर ऐकलं नसतं.

हे आजोबा लष्करचे. लष्कर म्हणजे दौलतराव शिंद्यांच्या छावणीभोवती वाढलेलं शहर, आजही तिथं जुनी मराठी घरं आहेत. त्यांचं मराठी ऐकायला गोड, मध्येच हिंदीचा हेल. "तुम्ही मिरजेहून आलात? मग तर आमचंच गाणं ऐकायला आमच्याकडे आलात," असं म्हणाले आणि दोघांची बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांवरून जी जुंपली! बुवांनी ग्वाल्हेरला शिकून ख्याल गायकी आपल्याकडे आणली, विष्णु दिगंबर पलुस्कर मिरजेला त्यांच्याकडेच शिकले. तेव्हा गाणं ग्वाल्हेरचं की मिरजेचं, असा वाद. मी चहा आणायला गेले. तुमचे वडील बोलके असतील तर त्यांना थोडं मोकळं सोडा. दर दहा मिनिटांनी "बरं वाटतंय ना, थंडी वाजतेय का" असं विचारणाऱ्या मुलांचा फार कंटाळा येतो म्हाताऱ्यांना.

आता गाडीचं. इथं खरी गोम आहे. समारोहाच्या तारखा दर वर्षी त्याच असतील असं नाही. २०२४ मध्ये शंभरावा समारोह १५ ते १९ डिसेंबर असा झाला, त्याच्या आदल्या वर्षी तो नाताळच्या सुमारास होता. रेल्वेचं आरक्षण साठ दिवस आधी उघडतं आणि तारखा कळेपर्यंत खालचे बर्थ संपलेले असतात. रद्द करायची तयारी ठेवून दोन तारखांची तिकिटं काढणं महागात पडतं, तरी वडील बरोबर असतील तर मी तेच सुचवीन. ज्येष्ठांची भाड्यातली सवलत २०२० पासून बंद आहे, पण खालच्या बर्थचा कोटा चालू आहे: पुरुष साठ वर्षांवरचे, स्त्रिया पंचेचाळीसच्या वरच्या, एका तिकिटावर जास्तीत जास्त दोघं. मी पंचेचाळिशी ओलांडलेली, म्हणून आम्हा दोघांनाही त्यात मिळालं. वय वाढल्याचा एवढा फायदा मला आजवर झाला नव्हता. तुम्ही त्यात बसत नसाल आणि एकाच तिकिटावर दोघांची नावं घातलीत, तर वडिलांचाही कोटा जातो. त्यांचं वेगळं काढा आणि डबा वेगळा आला तर टीसीला गाठा.

जाताना पुण्याहून झेलम किंवा मुंबईहून पंजाब मेल घ्या. दोन्ही संध्याकाळी निघतात आणि दुसऱ्या दिवशी दुपारी उजेडात ग्वाल्हेरला पोहोचवतात. गोवा एक्स्प्रेस आम्हाला मिरजेहून थेट पडते, पण ती जाताना ग्वाल्हेरला भलत्या वेळी, मध्यरात्रीनंतर उतरवते. त्या थंडीत फलाटावर वडिलांना घेऊन उभं राहायची हौस कुणाला? परतीला मात्र हीच गाडी उत्तम. झेलम जम्मूहून आणि पंजाब मेल फिरोजपूरहून येते, पंजाब-हरयाणाचं धुकं पार करत, आणि डिसेंबरात त्या तासनतास रखडतात. गोवा एक्स्प्रेस दिल्लीहून दुपारी सुटते, धुकं विरलेलं असतं, संध्याकाळी ग्वाल्हेरला येते. वेळा बदलत असतात, तिकीट काढण्यापूर्वी एकदा बघून घ्या.

शेवटच्या दिवशी सकाळची सभा तानसेनच्या जन्मगावी, बेहटला असते. ग्वाल्हेरहून गाडीनं तास-सव्वा तास. झिलमिल नदीचा काठ, कललेलं शिवमंदिर (तानसेनच्या गाण्यानं कललं म्हणतात), समोर गावकरी. बायका डोक्यावर पदर घेऊन, पोरं कडेवर घेऊन ध्रुपद ऐकतात. वडिलांना मोटारीचा प्रवास झेपत असेल तर मी म्हणेन रात्रीच्या सगळ्या सभा सोडा आणि हे करा. त्याच संध्याकाळी समारोपाची सभा किल्ल्याच्या पायथ्याशी गुजरी महालात होते, ती बघायला सुंदर आणि बसायला गारठलेली. आम्ही गेलो नाही. अप्पा खोलीवर पांघरुणात बसून बहादुरा या तिथल्या नावाजलेल्या मिठाईच्या दुकानातले लाडू खात होते.

किल्ला बघायचाच असेल तर उरवाई दरवाज्यानं जा, त्या बाजूनं गाडी वरपर्यंत जाते. गुजरी महालाकडची वाट चढाची आणि पायी आहे, गुडघेवाल्यांनी तिच्या नादी लागू नये. जयविलास पॅलेस, सरोद घर (वाद्यांचं संग्रहालय) वगैरे दुपारच्या मोकळ्या वेळेत, जमलं तर. एका दिवसात सभा आणि स्थळदर्शन दोन्ही कोंबलं की वडील संध्याकाळी गप्प होतात आणि आपण त्यांना विचारत राहतो काय झालं.

भावाला सांगा, थेट प्रक्षेपण चालू ठेव. सकाळच्या सभेत कॅमेरा प्रेक्षकांवर फिरतो तेव्हा वडील दिसतात का, ते बघायला घरच्यांना उपयोगी पडेल. आणि तारखा जाहीर व्हायची वाट बघू नका, ऑक्टोबरच्या मध्यापासून आरक्षणावर नजर ठेवा.