एकाच सर्व्हरवरील संकेतस्थळांना मर्यादा घालावी का, आणि कशी?

आपण विचारले आहे की, एका भाड्याच्या सर्व्हरवर वीस-बावीस संकेतस्थळे असताना त्यांतील एकाने सगळी मेमरी खाऊ नये म्हणून काय करावे, आणि मर्यादा घातल्यास ग्राहक नाराज होतील का. दुसऱ्या भागाचे उत्तर आधी देतो: होतील, तरीही मर्यादा घालावी.

यवतमाळ जिल्ह्यातील दारव्हा तालुक्यात बसून मी आणि माझे थोरले चुलतभाऊ ४ जीबी मेमरीच्या सर्व्हरवर अठरा संकेतस्थळे सांभाळत होतो. त्यांत शाळा होत्या, एक महाविद्यालय होते, पतसंस्था होती, दोन जिनिंग होत्या आणि रोजचे कापसाचे भाव देणारे एक पान होते. नोव्हेंबरात कापूस घरी येऊ लागला की ते पान गावोगावच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांत फिरत असे. कुणीही ते उघडले की दर वेळी ते दुसऱ्या एका संकेतस्थळाकडून भाव मागवी, आणि एका दुपारी ते दुसरे संकेतस्थळ संथ झाले. उत्तराची वाट पाहत पीएचपीच्या (पाने तयार करणाऱ्या भाषेच्या) प्रोसेस, म्हणजे एकेका वाचकाचे काम करणारे चालू प्रोग्राम, अडकून बसल्या, नव्या वाचकांसाठी नव्या सुरू होत गेल्या, प्रत्येकीने साठ-सत्तर एमबी धरून ठेवली, आणि मेमरी संपल्यावर लिनक्सने, म्हणजे सर्व्हरच्या कार्यप्रणालीने, सर्वांत मोठी प्रोसेस मारली. ती भावाच्या पानाची नव्हती. ती मारियाडीबी होती, म्हणजे अठराही जणांचा डेटाबेस.

त्याच दिवशी महाविद्यालयात हिवाळी परीक्षेचे अर्ज भरण्याची शेवटची तारीख होती. वेचणीची मजुरी पाडून आलेले एका विद्यार्थिनीचे वडील दुपारपासून कार्यालयाच्या बाकावर बसून होते आणि सायंकाळच्या एसटीने मुलीला घेऊन अर्ज न भरताच परतले. दुसऱ्या दिवशी विलंब शुल्क लागले. ते मी भरले. बुडालेल्या मजुरीचे त्यांनी नावही काढले नाही.

दादांचे म्हणणे असे की, आलेल्या गिऱ्हाइकाला दारात अडवू नये, मेमरी वाढवावी. आम्ही ती ८ जीबी केली, प्रोसेसची संख्याही वाढवली, आणि तीन आठवड्यांनी पुन्हा तेच घडले. अडकलेल्या प्रोसेस किती साचाव्यात याला बंधन नसेल, तर मेमरी कितीही असो, ती भरणारच. आमच्या भागातील शेतकऱ्याला हे समजावून सांगावे लागत नाही. मंजुरी तीन अश्वशक्तीची आणि मोटार साडेसातची, असे डीपीवरील (गावच्या ट्रान्सफॉर्मरवरील) दोघा-तिघांनी केले की हरभऱ्याच्या ओलिताच्या ऐन दिवसांत डीपी जळते आणि नियमाने मोटार चालवणाऱ्याचेही पीक सुकते. ऑटो स्टार्टरमुळे वीज येताच सगळ्या मोटारी एकदम सुरू होतात, तसेच सर्व्हर पुन्हा सुरू केल्यावर थांबलेले वाचकही एकदमच येतात. म्हणून मर्यादा आधीपासून लावलेली असावी.

आता कृती. पीएचपीच्या प्रोसेस सांभाळणाऱ्या पीएचपी-एफपीएममध्ये प्रत्येक संकेतस्थळाला स्वतंत्र पूल, म्हणजे प्रोसेसचा गट, आणि स्वतंत्र लिनक्स वापरकर्ता द्यावा, पद्धत 'ऑनडिमांड' (मागणी आल्यावरच प्रोसेस सुरू करणारी) ठेवावी आणि 'मॅक्स चिल्ड्रेन' (एका वेळच्या प्रोसेसची कमाल संख्या) पाचापासून सुरू करावे. पीएचपीची 'मेमरी लिमिट' संपूर्ण संकेतस्थळाची नसून एकेका विनंतीची असते. १२८ एमबीच्या चाळीस प्रोसेस म्हणजे ५ जीबी होतात. 'मॅक्स एक्झिक्युशन टाइम'वर (पीएचपीच्या स्वतःच्या वेळमर्यादेवर) विसंबू नये, कारण लिनक्सवर बाहेरच्या उत्तराची वाट पाहण्यात गेलेला वेळ त्यात धरला जात नाही, आणि आम्ही नेमके तिथेच फसलो. पूलमधील 'रिक्वेस्ट टर्मिनेट टाइमआउट' (विनंती लांबल्यास प्रोसेस मारणारी वेळमर्यादा) मुळात बंद असतो. तो ३० सेकंदांवर ठेवावा.

याहून पक्के बंधन हवे असल्यास २००८ पासून लिनक्स कर्नलमध्ये असलेले सीग्रूप, म्हणजे प्रोसेसचे गट करून त्यांना मर्यादा घालण्याची सोय, वापरावेत. सिस्टमडीच्या (लिनक्सवरील सेवा सुरू-बंद करणाऱ्या प्रोग्रामच्या) सेवेत 'मेमरीमॅक्स' लिहिले की मर्यादा ओलांडणाऱ्या गटातीलच प्रोसेस मारली जाते आणि शेजाऱ्याचा डेटाबेस वाचतो. मात्र एका एफपीएम सेवेतील सगळे पूल एकाच सीग्रूपमध्ये येतात, त्यामुळे प्रत्येक संकेतस्थळाची सेवा वेगळी करावी लागते. सीपीयूसाठी मी 'सीपीयूकोटा'ऐवजी (ठरावीक कमाल मर्यादेऐवजी) 'सीपीयूवेट' (गर्दी झाल्यावरच लागू होणारा वाटा) वापरतो, कारण सर्व्हर मोकळा असताना कुणालाही अडवण्याचे कारण नसते.

मर्यादा घातल्यावर भावाच्या पानाचे मालक खरोखरच रागावले. मग दर दहा मिनिटांनी भाव एकदाच आणून साधे एचटीएमएल पान तयार ठेवण्याची सोय मी त्यांना करून दिली, आणि पुढच्या हंगामात त्यांना पाच प्रोसेसही लागल्या नाहीत. दादा आजही म्हणतात की आपण गिऱ्हाईक दुखावले. उरलेली सतराही आपलीच गिऱ्हाइके होती, हे माझे उत्तर त्यांनी अजून मान्य केलेले नाही.

वरील आकडे आमच्या सर्व्हरचे आहेत. आपल्या प्रोसेस प्रत्यक्ष किती मेमरी घेतात ते मोजूनच आपले आकडे ठरवावेत. सर्व्हरचा रूट (सर्वोच्च) अधिकार आपल्याकडे नसेल, तर यातील बहुतेक गोष्टी आपल्याला करता येणार नाहीत. डेटाबेसची मेमरी सगळ्यांत सामाईकच राहते. तिथे 'मॅक्स यूजर कनेक्शन्स' लावून प्रत्येक संकेतस्थळाच्या जोडण्यांची संख्या तेवढी बांधून देता येते.