ग्लायडरच्या पंखावरचा जेलकोट: आधी सावली, मग वॅक्स

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. जुने फायबरग्लासचे ग्लायडर, म्हणजे इंजिन नसलेले विमान, घेतले आहे, ते कव्हर घालून उघड्यावर बांधलेले असते. पंखाची वरची बाजू निस्तेज होऊन पिवळट पडली आहे, बोट फिरवले की पांढरी भुकटी लागते. एक जण म्हणतो गाडीचे वॅक्स लावा, दुसरा म्हणतो सिरॅमिक कोटिंग करून टाका. माझे मत विचाराल तर दोन्ही नंतरच्या गोष्टी आहेत.

आधी पंखाखाली वाकून खालची बाजू बघा. ती बहुतेक अजून पांढरीशुभ्र आणि चकचकीत असेल. दोन्ही बाजूंचे वय तेच, माल तोच, उड्डाणेही तीच. फरक फक्त ऊन आणि दव यांचा. एलरॉनच्या (पंखाच्या मागच्या कडेच्या हलत्या फळीच्या) फटीवरची जुनी टेप काढली तर तिच्याखालीही मूळ रंगाची पट्टी सापडते. किती नुकसान झाले आहे, हे या पट्टीशेजारी बाकीचा पंख ठेवून पाहिल्यावर जितके कळते तितके दुसऱ्या कशाने कळत नाही.

आता भुकटी का होते ते. जेलकोट म्हणजे पंखाचा सर्वांत बाहेरचा पांढरा थर; बहुतेक जुन्या ग्लायडरांवर तो पॉलिएस्टर रेझिनचा असतो आणि त्यात पांढरे टायटॅनियम डायऑक्साइड. साच्यात सर्वांत आधी तो जातो, मग त्यावर काचेचे कापड आणि ते चिकटवणारे एपॉक्सी रेझिन. हे पांढरे रंगद्रव्य अतिनील किरण अडवते, म्हणून खालची एपॉक्सी वाचते. पण ऊन, हवेतला ऑक्सिजन आणि ओलावा हे तिन्ही एकत्र आले की त्याच कणांभोवतीचे रेझिन हळूहळू तुटत जाते आणि कण मोकळे होतात. बोटाला लागते ती भुकटी हीच. म्हणजे नुसत्या उन्हापेक्षा ऊन आणि ओल यांची जोडी जास्त घातक. हे एकदा लक्षात आले की कव्हरबद्दलचे निम्मे वाद मिटतात.

कव्हर घातले म्हणजे काम झाले असे समजू नका. दवाने भिजलेल्या पंखावर कव्हर चढवले आणि दिवसभर ऊन लागले, तर आत वाफाळलेली ओल कोंडून राहते आणि जेलकोट ती शोषतो. पुढे त्यावर बारीक फोड येऊ शकतात. प्लास्टिकचा कागद किंवा ताडपत्री तर नकोच. कव्हर बाहेरून पांढरे, आतून मऊ, हवा खेळती ठेवणारे आणि पंखाला घट्ट बसणारे असावे. सैल कव्हर वाऱ्यावर फडफडते आणि खाली अडकलेली धूळ पॉलिश पेपरचे काम करते. म्हणून नियम साधा ठेवा: पंख धुवा, कोरडा करा, मगच कव्हर. सकाळी पंख ओला असेल तर कव्हर काढून आधी वाळू द्या. कव्हरही अधूनमधून धुवायचे असते, हे बरेच जण विसरतात.

हे सगळे सांगून झाल्यावरही माझा सल्ला हाच की हँगरमध्ये जागा मिळत असेल तर घ्या, नसेल तर ट्रेलरमध्ये, म्हणजे ग्लायडर सुटे करून ठेवायच्या बंद गाड्यात, ठेवा. ट्रेलर पांढरा आणि झरोके असलेला हवा. बंद ट्रेलर उन्हात तापतो, आणि ओले पंख आत सरकवून दार लावले की उघड्यावर ठेवण्यापेक्षा वाईट अवस्था होते.

वॅक्सचे म्हणाल तर ते लावा, पण कशासाठी लावतो ते माहीत असू द्या. वॅक्सचा थर इतका पातळ असतो की ऊन अडवण्याचे काम त्याच्याकडून थोडेच होते. अतिनील शोषक घातलेली वॅक्स मिळतात, ती बरी, पण तीही सावलीची जागा घेत नाहीत. वॅक्सचा खरा उपयोग पाणी आत शिरू न देणे आणि किडे, माती सहज निघून येणे हा. घट्ट वॅक्स बफिंगने लावायचे असेल तर चाक एका जागी थांबू देऊ नका, पृष्ठभाग तापतो. आणि डब्यावर सिलिकॉन लिहिले असेल तर तो बाजूला ठेवा. सिलिकॉन भेगांत मुरते, आणि कधी दुरुस्ती किंवा नवा रंग करायची वेळ आली की रंग तिथे धरत नाही, माशाच्या डोळ्यासारखे गोल खड्डे पडतात. गाडीच्या बऱ्याच पॉलिशमध्ये ते असते. सिरॅमिक कोटिंगबद्दल माझी हीच तक्रार आहे: बसले की घासल्याशिवाय निघत नाही, आणि भुकटी झालेल्या थरावर लावले तर भुकटीच पक्की होते.

घासण्याबद्दल मात्र सावध राहा. जेलकोट म्हणजे मुद्दल आहे. साधारण अर्धा मिलिमीटर जाडीचा थर, तोही सगळीकडे सारखा नाही. कारखान्यात आकार साधताना काही ठिकाणी तो आधीच पातळ झालेला असतो, विशेषतः पुढच्या कडेला, जिथे वरचा आणि खालचा भाग जोडलेला असतो. दर वेळी पॉलिश पेपर फिरवला की यातले थोडे कायमचे जाते. म्हणून चमक गेली की घास, चमक गेली की घास, असे करू नका. आधी साबणाच्या सौम्य पाण्याने धुऊन एका छोट्या तुकड्यावर हाताने पॉलिश करून बघा. तेवढ्याने पांढरेपण परत आले तर पेपरला हात लावू नका. पेपर लागलाच तर ओला, १००० किंवा त्याहून बारीक, लांब सपाट ठोकळ्यावर. नुसत्या बोटांखाली धरलेला पेपर लाटा पाडतो, आणि लॅमिनार प्रवाहाच्या, म्हणजे हवा न घुसळता सरळ थरांत वाहावी अशा आकाराच्या, पंखाला अशा लाटा चालत नाहीत. खालून कापड दिसू लागले तर तिथेच थांबा.

त्याआधी एक काम करा: भेगा शोधा. संध्याकाळी तिरप्या उजेडात किंवा टॉर्च पंखाला जवळपास टेकवून बघा. भेगांत मळ बसला की त्या आपोआप दिसतात. बऱ्याचशा पुढच्या कडेपासून मागच्या कडेकडे जाणाऱ्या असतात, कारण पंख वाकतो तेव्हा ताण लांबीच्या दिशेने येतो. थंडी हे दुसरे कारण. हवा दर किलोमीटरला साधारण ६.५ अंशांनी थंड होते. जमिनीवर १५ अंश असताना वेव्हमध्ये (डोंगरामागे उठणाऱ्या हवेच्या लाटेवर) ६००० मीटरवर गेलात तर बाहेर उणे २४ च्या आसपास असते. जेलकोट खालच्या लॅमिनेटपेक्षा, म्हणजे कापड आणि एपॉक्सीच्या थरापेक्षा, बराच जास्त आकसतो, थंडीत ठिसूळही होतो, मग फाटतो. आधीच उन्हाने कडक झालेला असेल तर लवकर फाटतो. अशा उंचीवरून दमट हवेत उतरलात की पंखावर पाणी सुटते, तेव्हा लगेच ट्रेलरमध्ये घालू नका.

भेग फक्त जेलकोटमध्ये असेल तर दिसायला वाईट एवढेच, पण पाण्याला वाट मिळालेली असते. ती कापडापर्यंत गेली आहे का, हे तुम्ही-मी अंदाजाने ठरवायचे नाही. परवानाधारक इन्स्पेक्टरला दाखवा, पॉलिश त्यानंतर.

सगळे काढून नवा थर द्यायची वेळ आली तर पॉलियुरेथेनचा विचार करा. तो जास्त लवचीक असतो, उन्हात बराच टिकतो. थर पातळ असल्यामुळे पुढे घासून आकार सुधारायला वाव कमी, ही त्याची उणी बाजू. उघड्यावर राहणाऱ्या ग्लायडरला मी तोच निवडेन. रंग पांढराच. बऱ्याच जुन्या ग्लायडरांची बांधणी ५४ अंश सेल्सिअसपर्यंतच्या तापमानासाठी सिद्ध केलेली आहे, आणि गडद पृष्ठभाग कडक उन्हात ते सहज ओलांडतो. गडद पट्टे कुठे चालतात ते तुमच्या ग्लायडरच्या मॅन्युअलमध्ये दिलेले असते.

रंगकाम एलरॉन, एलेव्हेटर किंवा रडर या ग्लायडर वळवणाऱ्या हलत्या भागांवर झाले तर ते प्रत्येक परत तोलून घ्यावे लागते. हिंजच्या (बिजागरीच्या) मागे थोडे वजन वाढले तरी फडफड, म्हणजे फ्लटर, सुरू होण्याचा वेग खाली येऊ शकतो. रंगारी हे सांगेलच असे नाही, तेव्हा काम देतानाच वजनाची आणि तोलाची नोंद कोण करणार ते ठरवून घ्या. पूर्ण ग्लायडरचे वजन आणि गुरुत्वमध्यही नव्याने काढावे लागेल.

कॅनोपीजवळ, म्हणजे वैमानिकावरच्या पारदर्शक अ‍ॅक्रिलिकच्या झाकणाजवळ, काम करताना ती नीट झाकून ठेवा. टेपचा चिकटा काढायला आणलेले अ‍ॅसिटोन अ‍ॅक्रिलिकवर उडाले की जाळीसारख्या भेगा पडतात.

टेपखालच्या पट्टीचा आणि शेजारच्या पंखाचा एकत्र फोटो टाकलात तर पॉलिशने भागेल की नाही, याबद्दल थोडे अधिक बोलता येईल.