तांडेलाची झोप आणि मुलाचा सवाल

प्रश्न : आमचे हे हर्णे बंदरात मासेमारी बोटीवर तांडेल (बोटीचे प्रमुख) आहेत. वय ५२, बीपीच्या दोन गोळ्या चालू. रात्री घोरता घोरता एकदम आवाज बंद होतो; मी अंक मोजत पडते. परवा बावीसपर्यंत गेले, मग आचका देऊन श्वास आला. दिवसाही बसल्या जागी पेंगतात, एकदा सुकाणूवर डोळा लागला. तपासणीत तासाला ३८ वेळा श्वास अडतो असं निघालं. डॉक्टर मास्कचं मशीन घ्या म्हणतात. मुलगा म्हणतो, त्याने हार्ट अटॅक टळत नाही असं संशोधन आहे, मग कर्ज कशाला? काय करू?

उत्तर : ताई, दहा सेकंद श्वास थांबला तरी आम्ही तो मोजतो, तुम्ही तर बावीस मोजलेत. झोपेत घसा सैल पडून श्वास अडतो, त्या आजाराला स्लीप ॲप्निया म्हणतात; तासाला तीसच्या वर म्हणजे तो तीव्र. मास्कचं मशीन हवेच्या दाबाने घसा उघडा ठेवतं. गोळ्या घेऊनही बीपी हटत नसेल, तर त्यामागे हेही असू शकतं.

मुलगा खोटं सांगत नाही. २०१६ साली ‘सेव्ह’ नावाच्या अभ्यासाचा निकाल आला. २,७१७ रुग्ण, त्यांत आपल्या देशातलेही; सगळ्यांना आधीपासूनच हृदयाच्या किंवा मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा आजार. मशीन लावूनही अटॅक, पक्षाघात कमी झाले नाहीत. पण मास्क रात्री किती वेळ लावला होता, हे विचारा त्याला. सरासरी ३.३ तास! श्वास जास्त अडतो तो पहाटेच्या झोपेत, आणि तेव्हा मास्क उशाशी. शिवाय दिवसा फार पेंगणाऱ्यांना त्या अभ्यासात घेतलंच नव्हतं. तुमच्या यजमानांना तो निकाल जसाच्या तसा लावता येत नाही. दिवसाची पेंग मात्र त्या रुग्णांचीही कमी झाली. तेव्हा हृदयाचा विमा म्हणून नको, सुकाणूवर डोळे उघडे राहावेत म्हणून मशीन घ्या.

मी स्वतः सहा वर्षं मास्क लावतो. पहिले पंधरा दिवस तो सकाळी खाटेखाली सापडायचा. आषाढात नळीला कुबट वास यायला लागला, तेव्हापासून रोज धुतो आणि पंख्याखाली वाळवतो. लाईट गेली की मशीन बंद, म्हणून इन्व्हर्टर घ्यावा लागला. (बायको म्हणते, घोरण्यापेक्षा ही घरघर बरी.)

लगेच कर्ज काढू नका. जून-जुलैत मासेमारी बंद, बोटी शाकारलेल्या असतात, यजमान रोज घरी. तेवढे दोन महिने मशीन भाड्याने मिळतं का बघा. सवय झाली तर ऑगस्टमध्ये विकत घ्या. बोटीच्या बॅटरीवर चालेल असंच मागा. रात्री जेवणाआधी ‘थोडी’ घेत असतील तर ती आधी बंद, तिने घसा आणखी सैल पडतो.

आणि तोवर रात्रीचं सुकाणू दुसऱ्याच्या हाती द्यायला सांगा. त्या दिवशी डोळा लागला तेव्हा शेजारी कोणी जागं होतं का, ते तुम्ही लिहिलं नाहीत.