सर्व्हायव्हल गेममध्ये अन्न खराब होणं आणि शिजवणं कितपत खरं असतं? स्वतःच्या गेममध्ये हा हिशेब कसा ठेवावा?

तुम्हाला दोन गोष्टी हव्या आहेत: गेममधलं मांस मिनिटांत नासतं हे तुम्हाला अती वाटतं ते बरोबर आहे का, आणि तुमच्या छोट्या गेमसाठी त्यापेक्षा खरा हिशेब कसा मांडायचा. पहिल्या बाबतीत माझं मत तुमच्या उलट आहे. नासण्याचा वेग ही या गेममधली त्यातल्या त्यात कमी खोटी गोष्ट. मोठी गफलत शिजवण्यात आहे.

'डोन्ट स्टार्व्ह'मध्ये कच्चं मांस ६ दिवस टिकतं. तिथला दिवस ८ मिनिटांचा, म्हणून आपल्या घड्याळात ४८ मिनिटं होतात आणि घाई वाटते. पण गेमच्याच दिवसांत मोजा की. पिशवीत टाकून उन्हातान्हात हिंडवलेलं मांस ६ दिवस! ३० अंश सेल्सिअसला उघड्यावरचं कच्चं मांस सकाळचं संध्याकाळी वास मारायला लागतं. अन्नसुरक्षेचा ढोबळ नियम तर याहून कडक आहे: ५ ते ६० अंशांच्या पट्ट्यात नाशवंत अन्न २ तासांपेक्षा जास्त नको, हवा ३२ अंशांच्या वर असेल तर १ तास. गेम उदारच म्हणायचा.

तो कंजूष होतो थंडाव्याच्या बाबतीत. त्याच गेममधली बर्फाची पेटी नासण्याचा वेग फक्त निम्मा करते. प्रत्यक्षात तापमान १० अंशांनी उतरलं की जिवाणूंची वाढ आणि रासायनिक क्रिया साधारण दोन ते तीन पटींनी मंदावतात. ३० वरून ४ अंशांवर आणलंत तर निम्मा नाही, दहाव्या हिश्श्याच्या आसपास वेग उरायला हवा. उणे १८ अंशांना तर जिवाणूंची वाढ थांबतेच. पुढे जे बिघडतं ते चरबी खवट होणं आणि पृष्ठभागावरचं पाणी उडून मांस कोरडं, चामट पडणं. 'द लाँग डार्क' हा गेम कॅनडाच्या गोठलेल्या रानात घडतो. तिथे मांस घराबाहेर ठेवलं तर हळू खराब होतं, हे अगदी बरोबर. पण कडक थंडीतही त्याची टक्केवारी घसरत राहते, ते फक्त खेळाडूला स्वस्थ बसू न देण्यासाठी. गेम बनवणाऱ्याची अडचण समजते: फ्रीज खरा केला की भुकेचा धाकच संपतो. 'प्रोजेक्ट झोम्बॉइड'ने यावर मला पटणारा तोडगा काढला आहे. फ्रीज आणि फ्रीजर चांगले चालतात, पण काही दिवसांनी वीजच जाते. थंडावा खोटा न करता धाक राखला.

आता शिजवण्याकडे. बहुतेक गेममध्ये अन्नाला ताजेपणाची एकच पट्टी असते आणि शिजवलं की ती पट्टी मागे सरकते. 'डोन्ट स्टार्व्ह'च्या हंडीत चार जिन्नस पडतात, त्यांच्या ताजेपणाची सरासरी निघते आणि गमावलेल्यातला अर्धा ताजेपणा परत मिळतो. म्हणजे सरासरी २० टक्क्यांवर आलेला माल टाका, पदार्थ ६० टक्के ताजा निघतो. खऱ्या स्वयंपाकघरात हे होत नाही, कारण तिथे दोन वेगळ्या गोष्टी चालू असतात. जिवंत जिवाणू उष्णतेने मरतात, पण त्यांनी आधीच सोडलेलं विष मरेलच असं नाही. स्टॅफिलोकॉकस ऑरियस या जिवाणूचं विष उकळूनही टिकतं. बॅसिलस सीरियस या जिवाणूची गोष्ट आणखी अवघड. त्याचे बीजाणू, म्हणजे कडक कवचातलं सुप्त रूप, भात शिजताना मरत नाहीत, भात कोमट राहिला की रुजतात, आणि त्याचं उलटी करवणारं विष पुन्हा गरम केल्याने जात नाही. बॉट्युलिनम हा जिवाणू नेमका उलटा: विष ८५ अंशांना ५ मिनिटांत निकामी होतं, पण बीजाणू मारायला १२१ अंश लागतात, म्हणजे प्रेशर कुकरची वाफ.

शिवाय वास मारणारं अन्न आणि आजारी पाडणारं अन्न एकच असेल असं नाही. साल्मोनेला हा आजारी पाडणारा जिवाणू असलेल्या कोंबडीला कसलाही वास येत नाही. गेममध्ये हिरवट, माश्या घोंगावणारं चित्र म्हणजे धोका आणि ताजं चित्र म्हणजे निर्धास्त, हे शिकवणं सर्वांत चुकीचं. या बाबतीत 'माइनक्राफ्ट'सारखा साधा गेम बरा: तिथे अन्न नासतच नाही, पण दिसायला धडधाकट कच्ची कोंबडी खाल्ली तर ३० टक्के वेळा बाधते आणि कच्चं गोमांस बाधत नाही. गोमांसाच्या अखंड तुकड्यात जिवाणू बहुधा पृष्ठभागावर असतात, कोंबडीवर भरवसा नाही, ढोबळपणे जुळतं.

'द लाँग डार्क'मध्ये अस्वल-लांडग्याचं मांस शिजवूनही जंतांची भीती उरते आणि स्वयंपाकाचं कौशल्य पाचव्या पायरीवर गेलं की ती नाहीशी होते. मूळ गोष्ट खरी आहे. अस्वलाच्या मांसात ट्रिकिनेला हा जंत असू शकतो आणि उत्तरेकडची त्याची एक जात गोठवूनही मरत नाही. पण मधोमध ७१ अंश गाठले की तो मरतो, शिजवणारा नवखा असो की मुरलेला. कौशल्याऐवजी मधलं तापमान मोजायला लावलं असतं तर अचूक झालं असतं.

तुमच्या गेमसाठी एक पट्टी सोडा आणि प्रत्येक जिनसाला चार आकडे द्या: तापमान, जिवाणू, विष, ओलावा. जिवाणूंच्या वाढीसाठी ३० अंशांना कच्च्या मांसाचं आयुष्य ८ तास धरा आणि तापमान उतरेल तसं दर १० अंशांना २.५ ने गुणत जा. २० अंशांना २० तास येतात, १० अंशांना ५०, ४ अंशांना साडेतीन दिवसांच्या आसपास. फ्रीजमधल्या कच्च्या मांसाबद्दलच्या नेहमीच्या सल्ल्याशी हे जुळतं. शून्याखाली वाढ बंद करा, ६० अंशांच्या वरही बंद. ७० च्या वर जिवाणू वेगाने घटवा, पण शून्य करू नका. बीजाणूंसाठी थोडं शिल्लक ठेवा, म्हणजे शिजलेलं अन्नही पुन्हा बिघडेल. जिवाणू एका मर्यादेपुढे गेले की विष चढू लागेल आणि ते कधीच उतरणार नाही. इतकं केलंत की शिळं मांस रस्सा करून 'ताजं' करण्याची पळवाट आपोआप बंद होते. जिनसा एकत्र करताना सरासरी काढू नका. जिवाणूंचा आकडा सगळ्यात वाईट जिनसाचा घ्या.

ओलाव्याचा आकडा म्हणजे जिवाणूंना वापरता येणारं पाणी, शून्य ते एकच्या पट्टीवर. ताजं मांस ०.९९ च्या आसपास असतं. ०.८५ च्या खाली आणलं की रोगकारक जिवाणू वाढत नाहीत, बुरशी मात्र येऊ शकते, ०.६ च्या खाली काहीच वाढत नाही. बहुतेक गेममध्ये मांस मांडवावर टांगलं की ठरलेल्या वेळाने सुकं तयार, हवा कशीही असो. प्रत्यक्षात ऊन, वारा आणि जाडी ठरवते. कोकणच्या किनाऱ्यावर बोंबील बांबूच्या मांडवांवर सुकतात ते पावसाळा संपल्यावरच. दमट हवेत आणि मळभात सुकण्याआधी कुजतात. म्हणून सुकण्याचा वेग हवेच्या आर्द्रतेला बांधा आणि जाड तुकडा आतून नासू द्या. 'अनरिअल वर्ल्ड' या फिनिश गेममध्ये मांस वाळवणं थंडीच्या दिवसांपुरतंच ठेवलं आहे, कारण उबदार हवेत तेही सुकण्याआधी कुजतं.

टिकवण्याच्या बाबतीत मला सगळ्यात आवडतो तो 'व्हिंटेज स्टोरी'. त्यात मातीच्या बरणीचं तोंड चरबीने किंवा मेणाने बंद करून ती तळघरात ठेवता येते. हवा अडवली की बुरशी आणि खवटपणा थांबतो, हे खरं. फक्त हवाबंद जागा बॉट्युलिनमला फारच मानवते. आपल्या कैरीच्या लोणच्यावर तेलाचा थर चालतो तो आंबटपणा आणि मिठामुळे, सामू (pH, आंबटपणाचं माप; जितका कमी तितकं आंबट) ४.६ च्या खाली असला की तो जिवाणू वाढत नाही. नुसता लसूण तेलात बुडवून फडताळात ठेवणं धोक्याचं. तुमच्या गेममध्ये बरणी बंद करताना मीठ किंवा आंबट नसेल तर विषाचा आकडा गुपचूप चढू द्या.

शिजण्याच्या वेळेत एक चूक सगळीकडे दिसते: वेळ ठरलेली किंवा वजनाच्या प्रमाणात. उष्णता आत शिरायला लागणारा वेळ जाडीच्या वर्गाप्रमाणे वाढतो. २ सेंटिमीटरच्या तुकड्याला ८ मिनिटं लागत असतील तर ४ सेंटिमीटरला ३२. तेव्हा खेळाडूला सुरी देऊन पातळ कापायला लावा, इंधन वाचेल. इंधनाचा हिशेबही करण्यासारखा आहे. १ किलो बर्फ वितळवायला ३३४ किलोज्यूल, ते पाणी उकळीपर्यंत न्यायला आणखी ४१८ किलोज्यूल. उघड्या चुलीतली जेमतेम १० ते १५ टक्के उष्णता भांड्यात जाते, त्यामुळे लिटरभर पाण्याला साधारण ४०० ग्रॅम सुकं लाकूड लागतं. दोन काटक्यांत उकळी आणणारे गेम इथे फारच सढळ आहेत.

शेवटी बाधण्याची वेळ. घास गिळताच पोट धरून बसणारा खेळाडू प्रत्यक्षात नसतो. स्टॅफिलोकॉकस १ ते ६ तासांत त्रास देतो, साल्मोनेला ६ तासांपासून ३ दिवसांपर्यंत, कॅम्पायलोबॅक्टर २ ते ५ दिवसांनी. हा उशीर गेममध्ये ठेवलात तर मधल्या चार जेवणांपैकी नक्की काय बाधलं हे खेळाडूला शोधावं लागेल, आणि उरलेला साठा फेकायचा की ठेवायचा हा निर्णय अवघड होईल. फक्त गेल्या काही दिवसांच्या खाण्याची नोंद त्याला उघडून बघता येऊ द्या, नाहीतर तो गेमलाच बिघडलेला समजेल.