एवढं केलं, पण कोणी नावही घेतलं नाही

म्हापशाच्या एका बाईंनी खुर्चीत टेकताच विचारलं, "ताई, मी ख्रिस्ती म्हणवून घ्यायच्या लायकीची आहे का?" (त्यांना विचारूनच लिहितेय, ओळख पटेल असे तपशील बदललेत.)

शेजारच्या एकट्या म्हातारीचं त्यांनी खूप केलं होतं. सकाळची पेज, औषधं, आझिलो इस्पितळातल्या रांगा, शेवटी शेवटी तर अंग पुसण्यापर्यंत सगळं. मुलगा बोटीवर नोकरीला. म्हातारी गेली, तो आला आणि महिन्याच्या मिस्सेनंतर (चर्चमधल्या प्रार्थनाविधीनंतर) त्याने फादरांचे, डॉक्टरांचे, नातेवाइकांचे आभार मानले. यांचं नाव तेवढं राहिलं. "परतफेडीची आशा न धरता द्या, असं प्रभू सांगतो. मी तर आशा धरलीच की! मग केलेलं सगळं वाया गेलं ना?"

हा प्रश्न घेऊन येणारी माणसं रागापेक्षा शरमेने जास्त पिचलेली असतात. म्हणून मी आधी शरमेवर बोलते. त्यांना लूकच्या शुभवर्तमानाचा सतरावा अध्याय काढायला सांगितला. दहा कुष्ठरोगी बरे झाले, परत आला एकटा शोमरोनी, म्हणजे ज्यूंना परका वाटणाऱ्या समाजातला माणूस. तेव्हा येशूने विचारलं, बाकीचे नऊ कुठे आहेत? म्हणजे ते नऊ आले नाहीत हे त्याच्याही लक्षात आलं आणि त्याने ते बोलून दाखवलं. पण त्या नऊ जणांना दिलेलं बरेपण त्याने काढून घेतलं नाही. दोन शब्दांची ओढ वाटणं हे पाप नाही, असं मी त्यांना ठामपणे सांगितलं. त्या रडल्या.

मग विचारलं, हिशोब मनात कधी सुरू झाला? बराच वेळ त्या गप्प होत्या. "मुलगा फोनवर म्हणाला, 'मावशी, तुम्ही आहात म्हणून मी निर्धास्त आहे.' तेव्हापासून मला नाही म्हणताच येईना." गुडघे दुखत असताना, स्वतःच्या घरचं जेवण रखडवून त्या जात राहिल्या. माझ्या मते खरी गाठ इथे होती. सुरुवातीची पेज त्यांनी आनंदाने दिली होती. पुढचं बरंचसं भिडेखातर झालं, आणि भिडेखातर केलेल्या कामाची किंमत मन गुपचूप लिहून ठेवतं. ज्याच्या नावावर ते लिहिलं जातं, त्याला याचा पत्ताही नसतो.

"पण संत जोसेफ वाझ?" त्यांनी विचारलं. गोव्यात बाणावलीत जन्मलेल्या या धर्मगुरूने 1697 मध्ये श्रीलंकेतल्या कँडीत देवीची साथ आली तेव्हा टाकून दिलेल्या रोग्यांची सेवा केली. दमलेल्या माणसाला मी संतांची उदाहरणं स्वतःहून देत नाही, त्याने ओझं वाढतं. पण विषय त्यांनीच काढला म्हणून आठवण करून दिली की, त्या सेवेत वाझ यांच्यासोबत त्यांचे भाचे जोसेफ कार्व्हालो होते. आणि येशूच्या दाखल्यातल्या दयाळू शोमरोन्याने तर वाटेत पडलेल्या जखमी माणसाला उतारशाळेत नेलं, रात्रभर त्याची काळजी घेतली, दुसऱ्या दिवशी दोन दिनार देऊन त्याला मालकाच्या हवाली केलं आणि तो आपल्या वाटेने गेला. वरखर्च परत येताना देईन म्हणाला, तोही मालकाला. जखमी माणसाकडे त्याने काही मागितलं नाही, आणि स्वतःचा प्रवासही सोडला नाही.

त्यांना मी एकच सवय लावून घ्यायला सांगितली. काम हाती घेण्याआधी स्वतःला विचारायचं: हे कुणालाच कधी कळलं नाही तरी मी करेन का, आणि माझ्या जिवाला झेपेल तिथपर्यंत किती करेन? उत्तर आलं तेवढंच द्यायचं.

मुलाला त्यांनी फोन करून मनातलं सांगितलं. तो ओशाळला, माफी मागितली. तरी सल पुढे काही दिवस राहिलीच, आणि तशी ती राहते. सध्या वाड्यावरच्या एका आजोबांना त्या बुधवारी इस्पितळात नेतात. बाकीच्या दिवसांचं त्यांनी आजोबांच्या सुनेला पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, "ते माझ्याच्याने होणार नाही, तुम्ही बघा."