फक्त चार कार्बनपर्यंतचे पदार्थ वापरून २-मेथिलहेक्झॅन-२-ऑल कसे बनवावे?

१-ब्रोमोब्युटेन आणि ॲसिटोन घ्या: ब्रोमोब्युटेनपासून कोरड्या ईथरमध्ये मॅग्नेशियम घालून ग्रिन्यार रिएजंट (कार्बनला मॅग्नेशियम जोडलेला, नवा कार्बन-कार्बन बंध घडवणारा पदार्थ) करा, तो बर्फात थंड ठेवून ॲसिटोन थेंबथेंब सोडा आणि शेवटी अमोनियम क्लोराइडचे संपृक्त द्रावण घाला. हे सुचतं ते रेणूकडे उलटं, म्हणजे तयार रेणूपासून मागे कच्च्या मालाकडे, पाहिल्यावर. अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ ई. जे. कोरी यांना १९९० चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं ते याच उलट्या विचाराला शिस्त दिल्याबद्दल. ज्या कार्बनवर ओएच आहे त्याला दोन मेथिल आणि एक ब्युटिल जोडलेले आहेत. ब्युटिलचा बंध तोडला की ३ + ४ कार्बन असे दोन तुकडे पडतात, आणि दोन्ही सहज मिळणारे. मेथिलचा बंध तोडला तर २-हेक्झॅनोन लागेल. रसायनशास्त्र म्हणून तोही मार्ग बरोबर, पण तो सहा कार्बनचा, तुमच्या अटीत बसत नाही. म्हणून कागदावर आधी सगळे संभाव्य तुकडे काढा, अभिक्रिया नंतर लिहा.

मात्र भांडी आणि ईथर अगदी कोरडे हवेत, नाहीतर रिएजंटचा ब्युटेन होतो. शेवटी तीव्र आम्ल वापरू नका, कारण तृतीयक अल्कोहोलमधून (ज्यात ओएच असलेल्या कार्बनला तीन कार्बन जोडलेले असतात) पाणी निघून अल्कीन (दुहेरी बंधाचा हायड्रोकार्बन) तयार होते.