जर्मनीत जुनी व्हॅन घेतली आहे. हिवाळ्यासाठी टायर कोणते आणि कोणत्या मापाचे घ्यावेत?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: २०१३ ची फोक्सवागन ट्रान्सपोर्टर, खाली २३५/५५ आर१७ चे (रुंदी मिलिमीटरमध्ये, उंची रुंदीच्या टक्क्यांत, रिम इंचात) उन्हाळी टायर, नाताळात आईबाबांसकट सहा जण ऑस्ट्रियाला निघालेत, आणि कोणीतरी १६ इंची रिमसकट हिवाळी टायरचा जुना संच स्वस्तात देतोय. घ्यावा का?

मी उल्मजवळ राहतो आणि याच जातीची व्हॅन सात हिवाळे चालवतोय. त्याआधी बर्फ पाहिला होता तो साताऱ्यात गोळेवाल्याच्या गाडीवर. त्यामुळे याबाबतीत जी काही अक्कल आहे ती इथेच, पैसे मोजून आलेली आहे.

पहिल्या वर्षी मीही असाच संच उचलला. माप जुळत होतं, २१५/६५ आर१६. नक्षी छान, पैसे कमी, मी खूश. टायर बसवायला गेलो तर मेकॅनिकने एक टायर उभा धरला, बोटाने मापापुढचा आकडा दाखवला आणि म्हणाला, हे मी बसवणार नाही. तिथे लिहिलं होतं ९८ एच (आकडा वजनाचा, अक्षर वेगाचं). व्हॅनला माप तेच लागतं, पण पुढे ‘सी’ अक्षर, म्हणजे मालवाहू गाडीचा टायर, आणि १०९/१०७ टी. माझे टायर कुठल्यातरी एसयूव्हीचे होते. बाकी सगळं सारखं, वजन पेलायची ताकद वेगळी.

हे गणित एकदा समजून घ्या, बाकीचं सोपं आहे. ९८ म्हणजे एका टायरवर ७५० किलो. १०३ म्हणजे ८७५, १०९ म्हणजे १०३० किलो. (१०९/१०७ मधला दुसरा आकडा मागे जोडचाकं असलेल्या गाड्यांसाठी. तो सोडून द्या.) आता गाडीचा कागद काढा, फार्त्सॉयगशाइन. त्यात ८.१ आणि ८.२ या रकान्यांत पुढच्या आणि मागच्या ॲक्सलवर किती किलो चालतं ते दिलेलं असतं. माझ्या गाडीच्या मागच्या ॲक्सलला १७२० आहे, म्हणजे एका चाकावर ८६०. ७५० वाला टायर तिथे कसा चालेल? सहा माणसं, त्यांच्या बॅगा, आईने सोबत दिलेले डबे, यातलं बरंचसं त्याच ॲक्सलवर येतं. तुमचा आकडा वेगळा असू शकतो, कारण एकाच मॉडेलमध्ये वजनाचे प्रकार बरेच आहेत. भागिले दोन करा आणि त्याच्या वरचाच टायर घ्या.

माप १५.१ आणि १५.२ या रकान्यांत असतं. तिथे एकच माप दिसलं म्हणून बाकीची बाद, असं नाही. गाडीसोबतच्या सीओसी कागदात, म्हणजे कंपनीच्या प्रमाणपत्रात, चालणारी इतर मापं असतात. २३५/५५ आर१७ ची उंची साधारण ६९० मिलिमीटर भरते, २१५/६५ आर१६ ची ६८६. स्पीडोमीटरला हा फरक कळणारसुद्धा नाही. मला विचाराल तर हिवाळ्यात अरुंद टायरच बरा. बर्फासाठीची चेन चढवायला जागा मिळते, खिशालाही हलका पडतो आणि रुबाबाची हौस उन्हाळ्यात भागवता येते.

पण एक मेख आहे. जास्त ताकदीच्या इंजिनाबरोबर पुढचे ब्रेक मोठे येतात, आणि त्यांच्यावर १६ इंची रिम बसतच नाही, कॅलिपरला (ब्रेकच्या चिमट्याला) अडते. तुमच्याकडे असे ब्रेक असतील तर १७ इंचालाच राहा, विषय संपला. दुसरं, ती रिम कुठल्या गाडीची आहे ते विचारा. तुमच्या पिढीच्या व्हॅनला पाच बोल्ट १२० मिलिमीटरच्या वर्तुळावर लागतात, आधीच्या टी४ ला ११२ वर. लांबून दोन्ही सारख्याच दिसतात. बोल्टही रिमसोबतचेच मागा: कंपनीच्या रिमला गोल बुडाचे लागतात, बाहेरच्या बऱ्याच अलॉयना निमुळत्या बुडाचे. चुकीचा बोल्ट आवळला जातो आणि घट्ट बसल्यासारखा वाटतो, हाच त्यातला धोका. चाकं बदलल्यावर पन्नासेक किलोमीटर चालवून बोल्ट पुन्हा आवळून घ्या.

आता कायदा. जर्मनीत तारखेची सक्ती नाही, रस्त्याची आहे: बर्फ, चिखलबर्फ किंवा गोठून निसरडं झालेलं असेल तर हिवाळी टायर हवेतच. लोक ‘फॉन ओ बिस ओ’, म्हणजे ‘ओ पासून ओ पर्यंत’ म्हणतात, ऑक्टोबर ते ईस्टर (जर्मनमध्ये ओस्टर्न), पण ती नुसती सवय. टायरच्या बाजूला तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण, हे चिन्ह पाहिजे. नुसतं ‘एम प्लस एस’ (चिखल आणि बर्फ) हे जुनं चिन्ह १ ऑक्टोबर २०२४ पासून चालत नाही, आणि जुन्या संचांवर नेमकं तेवढंच असतं. सापडलात तर ६० युरो दंड आणि वाहतूकगुन्ह्यांच्या नोंदीत एक पॉइंट, वाहतूक अडवलीत तर ८०. ऑस्ट्रियात १ नोव्हेंबर ते १५ एप्रिल, रस्त्यावर हिवाळी परिस्थिती असेल तर हिवाळी टायर, आणि नक्षी किमान ४ मिलिमीटर खोल. जर्मनीचा नियम १.६ वर थांबतो, पण तेवढ्या नक्षीवर डोंगरात जाणं म्हणजे पावसाळ्यात आंबेनळी घाटात गुळगुळीत टायर घेऊन उतरणं.

खोली मोजायला दोन युरोचं नाणं पुरतं. त्याची बाहेरची चंदेरी कड साधारण ४ मिलिमीटर रुंद आहे. नाणं खाचेत उभं घाला, कड पूर्ण बुडली तर ठीक. चारही टायरला, आतल्या बाजूलाही लावून बघा. व्हॅनचे टायर आतून आधी झिजतात असा माझा अनुभव.

पुढची दोनच चाकं बदलून भागेल का, असंही विचारलंय. नाही. इंजिन पुढची चाकं फिरवतं हे खरं, पण मग पुढचं पकडतं आणि ब्रेक दाबला की मागचं निसटतं. रिकाम्या व्हॅनची पाठ तर हलकीच असते. चार म्हणजे चार.

ऑल सीझनचं म्हणाल, तर तेच डोंगराचं चिन्ह असेल तर कायद्याला चालतात, आणि फक्त सपाटीवर फिरणाऱ्याला मी तेच सांगेन. तुम्ही आल्प्समध्ये निघालात.

त्या विक्रेत्याकडून आजच तीन फोटो मागवा: मापाचा, डोंगराच्या चिन्हाचा आणि डीओटी या अक्षरांपुढच्या (टायर कधी बनला ते सांगणाऱ्या) शेवटच्या चार आकड्यांचा. ३६१९ असेल तर तो टायर २०१९ च्या ३६ व्या आठवड्यातला. सहा वर्षांपुढचे मी फुकटसुद्धा घेत नाही, रबर कडक झालेलं असतं. फोटो द्यायला टाळाटाळ केली तर नवे घ्या, आणि बसवायची वेळ लगेच ठरवा. पहिला बर्फ पडला की पुढचे दोन आठवडे गॅरेजवाले फोनही उचलत नाहीत.